उजेड १५० निट्स

लॅपटॉपची बॅटरी अठरा तास चालते असं जिच्या भरवशावर छापतात, त्या व्यक्तीला मला एकदा भेटायचंय. जाहिरातीखालच्या बारीक अक्षरांतून तिचं चित्र बरंचसं उभं राहतं. ती एकटीच बसते. आधीच उतरवून ठेवलेला सिनेमा पुन्हा पुन्हा बघते. स्क्रीनचा उजेड बहुधा १५० निट्स, म्हणजे दुपारी आमच्या बाल्कनीत स्वतःचा चेहरा तेवढा दिसावा इतका. (कुणी निट्सऐवजी ब्राइटनेसच्या कळीवर तळापासून आठ टिचक्या मोजतं.) आणि अठरा तासांत तिला एकदाही कुणी "जरा बघ गं, प्रिंटर का रुसलाय" असं म्हणत नाही.

सिनेमा निवडण्यात मात्र हुशारी आहे. व्हिडिओ उलगडायला चिपमध्ये एक वेगळा कोपराच असतो. तो राबतो आणि मुख्य प्रोसेसर डुलक्या काढतो. सगळ्या यंत्राचं मिळून तीनेक वॅटवर भागतं. बॅटरी ५४ वॅट-तासांची, भागिले तीन, उत्तर अठरा. हिशेब चोख आहे, ऑडिटरही बोट ठेवणार नाही.

मी मात्र सोसायटीची खजिनदार. माझ्या लॅपटॉपवर मेंटेनन्सची एक्सेल शीट, बँकेचं पान, व्हॉट्सॲप वेब आणि लेकाने उघडून ठेवलेले असंख्य टॅब, ज्यांतला एक गाणं वाजवतो आणि कुठला ते सापडत नाही. शिवाय चार्जर काढला की बरेच लॅपटॉप बॅटरी वाचवायला आपणहून वेग कमी करतात. थकबाकीवरचं व्याज काढायला सांगितलं की आमचा कर्सर नुसता गरगरत बसतो. थकबाकीदारांनी त्याला फोडलाय असा माझा संशय आहे.

खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "अगं, सारखी चार्जिंगला काय लावतेस? पूर्ण उतरू दे, मग लाव."

हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या काळातला. त्या बॅटऱ्यांना अर्धवट उतरण्याची सवय लागायची. लिथियम-आयन १९९१ मध्ये बाजारात आली. तिला तळ गाठणं सोसत नाही, शंभर टक्क्यांवर तापत पडणंही नाही. म्हणून तर ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते. काकांना पटेना. मी थेट नोबेल काढलं : याच बॅटरीसाठी २०१९ मध्ये तिघांना मिळालं, त्यातले जॉन गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते.

"सत्त्याण्णव?" काका म्हणाले. "बघ, पूर्ण उतरू दिली म्हणूनच टिकले."

खरी चाचणी झाली वार्षिक सर्वसाधारण सभेत. पार्किंगमध्ये चालणारा सॉकेट एकच, तो प्रोजेक्टरने बळकावलेला. स्क्रीनचा उजेड पूर्ण, आणि न्यू जर्सीतले फ्लॅटमालक सकाळचा चहा घेत व्हिडिओवर हजर. बॅटरीला व्हिडिओ मीटिंगइतकं महागात क्वचितच काही पडतं : कॅमेरा चालू, माइक चालू, वायफाय अखंड, आणि आपलं थोबाड दर क्षणी दाबून पलीकडे पाठवायचं. वर प्रोजेक्टरला चित्र पुरवायचं ते वेगळंच. पंधरा-वीस वॅट सहज जातात. ५४ भागिले अठरा, तीन तास. तेवढ्यात आमच्याकडे मागच्या सभेचं इतिवृत्त कायम होतं.

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा विषय निघाला तेव्हा बॅटरीचं चिन्ह लाल झालं होतं. वर्गणीला विरोध होता तो एकट्या न्यू जर्सीचा. त्यांनी कोटेशन वाचलं होतं, जीएसटी तपासला होता, आणि मुद्दा क्रमांक चार सुरू करताना ते "आता मुख्य गोष्ट..." एवढंच म्हणाले. भिंत निळी झाली.

"कुणाची हरकत?" सेक्रेटरींनी तत्परतेने विचारलं. कुणाचीच नव्हती. ठराव एकमताने मंजूर.

काका मागच्या खुर्चीवरून उठून माझ्या टेबलाशी आले. "उतरली ना पूर्ण?" ते म्हणाले. "आता लाव."