आज्याचं झुंबर

सेलूत दर दुसऱ्या गल्लीत एक तात्या असतात. साठी ओलांडलेली, पेन्शन सुरू, आणि घरातलं कुणी हैदराबादला निघालं की रेल्वेत यांची पिशवी आधी चढलेली. चारमिनार बाकीच्यांनी बघावा. तात्यांना निजामाचा चौमहल्ला राजवाडाच लागतो, कारण ते तिथं फिरायला जात नाहीत, वसुलीला जातात.

तिकिटाच्या खिडकीपाशीच पहिली हुज्जत. "आमच्या आज्यानं हाली शिक्क्यात शेतसारा भरलाय. आता आणिक काहून पैसे?" मागं रांग वाढते, सून दुसरीकडं बघते, मुलगा मुकाट्यानं तिकिटं काढतो.

खिल्वत मुबारकच्या दरबारात बेल्जियमची 19 झुंबरं. नातवंडं सेल्फीत गुंग. तात्या मान वर करून वाटणी करतात. "ते कडंचं आपल्या ज्वारीचं. हे मधलं कापसाचं." 1912 ची पिवळी रोल्स रॉईस दिसली की पहारेकऱ्याला विचारतात, "ॲव्हरेज काय देत होती?"

सातवे निजाम मीर उस्मान अली यांच्यापाशी मात्र तात्या जरा विरघळतात. 1937 साली 'टाइम'नं जगातला सर्वांत श्रीमंत म्हणून मुखपृष्ठावर छापलेला माणूस, आणि डोक्यावर तीच ती जुनी टोपी! जेकब हिरा, 184 कॅरेटच्या वरचा, तो कागद उडू नयेत म्हणून वापरायचा. "घरातलंच वापरलं, इकत नाही आणलं," तात्या बायकोला सुनावतात. बायको काही बोलत नाही. तिच्या घरी टूथब्रश म्हातारा झाला की शिलाई मशीन पुसायला लागतो.

म्हणून तात्या निजामाचे भक्त, असं कुणी समजू नये. 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, झेंडावंदनाला पहिल्या रांगेत तेच. रझाकारांचं नाव निघालं की आवाज असा चढतो की माईकवाला खटका बंद करतो.

यंदा सोबत पुण्याचे व्याही होते. दरबारात उभं राहून त्यांनी सहज म्हटलं, "छान आहे, पण आमच्या शनिवारवाड्याची सर नाही."

तात्या गरकन वळले. "आत काय हाय तुमच्या वाड्यात? 1828 लाच जळाला. नुसती जोती बघायला तिकीट घेता! आमच्या निजामाचं बघा, काच सुदिक हाय तशी हाय."

"आमच्या निजामाचं? अहो, सतरा सप्टेंबरला तर तुम्हीच..."

"ते आमचं आपसातलं हाय, इवाई. तुम्ही मधी पडू नका."