कंदीलकाका

प्रत्येक आळीत एक कंदीलकाका असतो. नात्याने तो कुणाचाच काका नसतो आणि वर्षातले अकरा महिने त्याला कुणी विचारत नाही. पण घट बसले, शेतातली भातं पिवळी पडू लागली की त्याची चाल बदलते. रस्त्याने जाताना तो माणसांशी बोलतो, मात्र नजर त्यांच्या ओटीच्या वाशावर. कंदील कुठे टांगणार, खिळा आहे का, आणि मुख्य म्हणजे विकतचा तर आणणार नाही ना!

लहानपणी पळसदरीत आमच्या वाट्याला आलेले काका अस्सल होते. बांबू स्वतः तोडणार, कामट्या स्वतः तासणार, सांध्यांना दोराही स्वतःच गुंडाळणार. मग पोरांना काम काय? धरणं. एका हाताने षटकोन धरायचा, दुसऱ्याने दोऱ्याचं रीळ, आणि तिसरा हात नाही म्हणून शिव्या खायच्या. कर्जतहून घाट चढणाऱ्या गाडीला मागून बँकर इंजिनं जोडतात ना, तशी आमची गत. रेटा आमचा, गाडी काकांच्या नावाची.

खळ आमच्या घरून जायची. काका तिच्यात चिमूटभर मोरचूद घालायचे, म्हणजे झुरळं कागद खात नाहीत. मोरचूद विषारी असतं आणि त्या वाटीभोवती डझनभर पोरं बोटं चाटत बसलेली असायची, हे आता आठवलं की अंगावर काटा येतो. तेव्हा चिंता होती ती फक्त झुरळांची.

पतंगी कागद कर्जतच्या बाजारातून यायचा. एका स्टेशनाचं अंतर, पण काका तयारी काशीयात्रेची करत. दुकानदाराला दहा ताव उलगडायला लावून, उजेडाकडे धरून, शेवटी गेल्या वर्षीचेच रंग घेत. लाल आणि पांढरा. गुलाबी मागणाऱ्या पोराची रवानगी करंज्या चिकटवण्यातून झिरमिळ्या कापण्यावर व्हायची, आणि याहून खालचं खातं नव्हतं.

एवढं करून कंदील वेळेवर लागला असेल, असं समजू नका. वसुबारसेला सांगाडा व्हायचा. धनत्रयोदशीला कागद कमी पडायचा. नरकचतुर्दशीला पहाटे उटणं लावून, अंगठ्याने कारीट फोडून आम्ही धावत जावं, तर काका आंघोळीआधी शेपट्या मोजत बसलेले. कंदील वर चढायचा भाऊबीजेला. कुणी तोंड उघडलं की उत्तर तयार असे, "आकाशदीप कार्तिकभर लावायचा असतो. तुम्हालाच घाई." गंमत म्हणजे शास्त्र खरोखर त्यांच्या बाजूचं होतं. त्यामुळे त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत कंदील उतरवायचं नाव नाही.

आत दिवा कुठला, यावर दरवर्षी भांडण. आमच्या एका अंगाला खोपोलीचं वीजघर, १९१५ सालचं. दुसऱ्या अंगाला भिवपुरीचं, १९२२ सालचं. या दोन्ही ठिकाणच्या विजेने मुंबईच्या गिरण्या चालल्या, ट्रेन पळाल्या. काका मात्र पणतीवर अडलेले. बल्बचा उजेड कागदाला चिकटतो, पणतीचा हलतो, असं त्यांचं म्हणणं. ऐन सणात लाइट गेली की त्यांचा चेहरा फुलायचा. अख्खी आळी काळोखात आणि एकटा काकांचा कंदील चालू! ती पणती कलंडून कंदील पेटला तेव्हा "वारा घाटाचा होता," एवढंच म्हणाले. परतीच्या पावसाने कागदाचा लाल रंग खालच्या रांगोळीत उतरला, तर "रांगोळी फिकीच होती," म्हणाले.

त्यांचा खरा दरबार भरायचा खोपोली लोकलमध्ये. भाऊबीजेला संध्याकाळी त्यांच्या डब्यात सापडलात की संपलं. केळवली, डोलवली, लौजी, एकेक स्टेशन मागे पडायचं आणि रुळांकडेच्या घरांचे निकाल लागायचे. "शेपट्या आखूड." "हा दुकानातला, बघू नका." "वाकडाय, पण माणूस कष्टाळू दिसतो." खिडकीतल्या बाईने आपलंच घर ओळखलं तरी ती गप्प राही.

आता प्लॅस्टिकचे घडीचे कंदील मिळतात. पावसात भिजत नाहीत, पेटत नाहीत, वसुबारसेला सकाळी आणून सकाळीच टांगता येतात. माझ्या मते ते सगळ्या बाबतीत सरस आहेत. फक्त ते करायला पोरं लागत नाहीत, आणि त्यांच्यावरून भांडताही येत नाही.

तुमच्या आळीत असे काका अजून शिल्लक असतील, तर दसरा झाला की पोरांना त्यांच्याकडे धाडा. खळ घरूनच द्या, मोरचुदावर लक्ष ठेवा, आणि कंदील भाऊबीजेच्या आत मागू नका.