स्कॉचची दीक्षा
स्कॉच पहिल्यांदा पिणाऱ्याला गुरू शोधावा लागत नाही. तो शेजारच्याच खुर्चीत असतो. पाणी घालायचं नाही, हा त्याचा पहिला दंडक. स्कॉटलंडातले ब्लेंडर मात्र पाणी घालून, अल्कोहोल 20 टक्क्यांच्या आसपास आणून वास घेतात. पण त्यांचं काय, ते पोटासाठी करतात. मग गुरुजी ग्लास उजेडात धरून रंगावरून वय सांगतात. स्कॉचमध्ये कॅरॅमलचा रंग घालायला कायद्यानेच मुभा आहे, हे त्यांना कोण सांगणार? पुढे आयला बेटावरची लॅफ्रॉइग. पीटच्या धुराचा आयोडिनसारखा दर्प थेट ड्रेसिंगच्या खोलीत नेतो. तरी ‘अप्रतिम!’ म्हणायचं. इथे पाणी चालतं ते फक्त डोळ्यांतलं. बाटलीवरचा 12 हा आकडा आतल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचं वय असतो. टेबलावर सर्वांत जास्त बोलणाऱ्याचंही बहुधा तेवढंच.