पोकळीतली नोकरी

आमच्या सांगलीत मुलगी काय शिकते या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात द्यावं लागतं. दोन शब्द सांगितले की ऐकणारा त्यातला आपल्या सोयीचा तेवढा ठेवून घेतो. मी शिकले केमिकल फिजिक्स. परिणामी वडिलांकडचे नातेवाईक मला केमिकल इंजिनिअर समजतात आणि आईकडचे फिजिओथेरपिस्ट. एका लग्नात मावशीने पंगतीतच गुडघा पुढे केला. मी तो गंभीर चेहऱ्याने दाबून बघितला आणि शेक घ्यायला सांगितलं. माझ्या पदवीचा नातेवाइकांना आजवर झालेला प्रत्यक्ष उपयोग एवढाच.

विषय तसा समजायला सोपा आहे. रेणू हे रसायनशास्त्राचं बिऱ्हाड. पण तो रेणू थरथरतो का, उजेड गिळतो कसा, पृष्ठभागाला चिकटतो किती वेळ, असं विचारायला लागलात की भौतिकशास्त्राच्या अंगणात शिरलात. १९३३ साली या मंडळींनी 'जर्नल ऑफ केमिकल फिजिक्स' नावाचं स्वतंत्र नियतकालिक काढलं, हॅरल्ड यूरी त्याचे पहिले संपादक. काढावं लागलं, कारण असले लेख रसायनवाल्यांना फार गणिती वाटत आणि भौतिकवाल्यांना फार रासायनिक. दोन घरचा पाहुणा उपाशी, तो अखेर स्वतःची चूल मांडतो, त्यातला प्रकार.

ग्लासगो विद्यापीठात हा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे, त्यातलं चौथं वर्ष कंपनीत काढायचं. विद्यापीठ १४५१ सालचं. रसायनशास्त्र जोसेफ ब्लॅक यांच्या नावाच्या इमारतीत, भौतिकशास्त्र केल्विन यांच्या नावाच्या इमारतीत आणि दोन्हींच्या मधे पाऊस. मी तीन वर्षं त्या पावसात होते. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये माझ्या फ्लास्कमधून पांढऱ्या स्फटिकांऐवजी तपकिरी डिंक निघाला की मी म्हणायचे, मी मूळची फिजिक्सवाली. फिजिक्समध्ये इंटिग्रल अडलं की मी मूळची केमिस्ट्रीवाली. ही सोय दुसऱ्या कुठल्याही शाखेत नाही.

ब्लॅक यांनी सुप्त उष्णतेचं काम अठराव्या शतकात याच विद्यापीठात केलं. मी ते माझ्या खोलीत रोज सकाळी पुन्हा करत असे. आजीने माका, जास्वंद आणि कढीपत्ता घालून कढवलेलं खोबरेल बरोबर दिलं होतं. खोबरेल चोवीस अंशांच्या आसपास वितळतं आणि ग्लासगोत चोवीस अंश ही बातमी असते. बाटली रेडिएटरवर ठेवायची आणि बसून राहायचं. तापमापी म्हणते गरम झालं, तेल म्हणतं अजून नाही. लॉर्ड केल्विन तर बाविसाव्या वर्षी तिथे प्राध्यापक झाले आणि त्रेपन्न वर्षं राहिले. विद्यापीठाच्या पायथ्याशी केल्विन नदी वाहते, तिच्यावरून त्यांनी उमरावकीचं नाव घेतलं आणि त्यांच्यावरून तापमानाच्या एककाचं पडलं. गृहस्थ सांगलीचे असते तर आज जगभर हेलियम ४.२ कृष्णाला उकळला असता.

बाविसाव्या वर्षी मी काय करत होते, तर इंग्लंडमधल्या एका औद्योगिक वसाहतीत स्टीलचा पाइप पुसत होते.

कंपनीतल्या त्या चौथ्या वर्षाच्या मुलाखतीसाठी मी श्रोडिंगरचं समीकरण पाठ करून गेले होते. त्यांनी विचारलं, पाना धरता येतो का? मी म्हटलं, येतो. वडिलांची लूना डोळ्यांसमोर आणून म्हटलं. नोकरी मिळाली.

कंपनी अतिनिर्वात कक्ष बनवायची. स्टीलचा जाडजूड डबा, त्यातली हवा पंपांनी उपसत न्यायची, ती कुठवर तर बाहेरच्या दाबाच्या एक लाख कोटीव्या हिश्शापर्यंत. इतक्या पोकळीत खरा शत्रू बाहेरची हवा नसते, आतल्या भिंतीला चिकटलेलं पाणी असतं. ते सुटता सुटत नाही. म्हणून सगळ्या डब्याला तापपट्ट्या गुंडाळायच्या, वरून स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल लपेटायची आणि दीडशे अंशांवर दोन दिवस भाजत ठेवायचं. माझं मुख्य काम फॉइल लपेटण्याचं. त्याआधीचं काम घासण्याचं: साबणाचं पाणी, मग शुद्ध पाणी, मग अल्कोहोल. आईने व्हिडिओ कॉलवर हे पाहिलं आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "एवढी फी भरून तिकडं भांडीच घासायची होती, तर इथं काय कमी होती?"

मामा मात्र खूश झाला. तो वाळवा तालुक्यातल्या साखर कारखान्यात पॅनवर असतो. उसाचा रस फार तापला तर साखर करपते, म्हणून पॅनमधली हवा ओढून तो कमी तापमानाला उकळवतात. त्यामुळे पोकळी हा त्याच्या घरचा विषय.

"आमच्यात पंचवीस-सव्वीस इंच व्हॅक्यूम असतंय. तुमच्यात किती?"

मी मिलिबार, दहाचा वजा नववा घात वगैरे सुरू केलं. "इंचात सांग की," मामा म्हणाला. इंचात पोकळी संपूर्ण झाली तरी आकडा तिसाच्या आतच राहतो. सांगितलं.

"म्हणजे चारच इंच जास्त," मामा म्हणाला. "त्यासाठी इतक्या लांब?"

या चार इंचांत माझं पुढचं सगळं घडलं. एक कक्ष मी पहिल्यांदाच एकटीने जोडला. हातमोजे, जाळीदार टोपी, सगळं यथासांग. फ्लँजचे, म्हणजे सांध्याच्या गोल कडेचे, बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत. दोन दिवस भाजला, थंड केला, तर दाब एका जागी अडून बसला. खाली येईना. कक्षाला एक छोटा मास स्पेक्ट्रोमीटर लावलेला असतो. आत उरलेल्या रेणूंची तो वस्तुमानाप्रमाणे हजेरी घेतो: अठरा म्हणजे पाणी, अठ्ठावीस म्हणजे नायट्रोजन, बत्तीस म्हणजे ऑक्सिजन. अठ्ठावीसची रेघ उंच दिसल्याबरोबर मी गळती जाहीर केली. हवा आत येत असेल तर तिच्याबरोबर बत्तीसही यायला हवा, आणि बत्तीस जागचा हलला नव्हता. अठ्ठावीस तर कार्बन मोनॉक्साइडचाही असतो. पण एकदा जाहीर केल्यावर मागे कसं फिरणार? दिवसभर हेलियमची नळी घेऊन एकेका सांध्यावर फुंकर मारत फिरले. गळती असती तर चारच्या जागी रेघ उठली असती. काही उठलं नाही. मामाला फोन केला. तो म्हणाला, "आम्ही मेणबत्ती धरतो. जिथं ज्योत आत वळती, तिथं भोक." अल्कोहोलने पुसलेल्या यंत्राजवळ मेणबत्ती न्यायचा विचार मी क्षणभर केला होता, हे सुरक्षा विभागाला कळू नये.

मग दिसल्या त्या पुढच्या रेघा: एक्केचाळीस, त्रेचाळीस, पंचावन्न, सत्तावन्न. तेल-चरबीचे रेणू फुटले की असेच तुकडे पडतात, हे तिथल्या कुठल्याही तंत्रज्ञाने चहा पिता पिता सांगितलं असतं. मी विचारलं नाही. इतक्या वर्षांचं केमिकल फिजिक्स प्रथमच हाताशी आलं होतं, ते वाया कसं जाऊ द्यायचं? रात्री जागून टिपण लिहिलं. त्यात लँगम्यूरचं अधिशोषण होतं, सुटण्याच्या ऊर्जेचा हिशोब होता, दोन आलेख होते. निष्कर्ष असा की स्टीलमध्येच काहीतरी गूढ आहे.

माझ्या सुपरवायझर साठीच्या होत्या, विद्यापीठाचं तोंड न पाहिलेल्या. टिपण त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. मग खुर्चीवरून उठल्या, माझ्या मागे आल्या आणि माझ्या वेणीचा वास घेतला.

"तू केसांना काय लावतेस?"

टोपी होती, पण शेपटा टोपीबाहेर पाठीवर लोंबत होता, आणि वाकलं की तो पुढे यायचा. तो मागे टाकायचा हात हातमोज्यातलाच असायचा. तोच हात मग फ्लँजवर. हातमोजा माझ्यापासून यंत्राला वाचवतो अशी माझी समजूत. प्रत्यक्षात तो माका, जास्वंद, कढीपत्ता पोचवण्याचं काम चोख करत होता. कित्येक हजार पौंडांच्या उपकरणाने जे वस्तुमानात सांगितलं, ते बाईंच्या नाकाने नावानिशी ओळखलं. कक्ष उघडला, घासला, लपेटला, पुन्हा दोन दिवस भाजला. त्या दोन दिवसांत बाईंनी मला टिपणाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. फक्त मुख्य दारावरच्या नियमावलीत हाताने एक ओळ वाढली: केसांना तेल लावणाऱ्यांनी वेणी टोपीत घ्यावी. 'लावणाऱ्यांनी' असं अनेकवचन घातलं होतं, माझी लाज राखायला. वसाहतीत तेल लावणारी मी एकटीच होते.

आजीला हे कळवलं नाही. तिने तेलाची दुसरी बाटली पाठवली.

या फ्लँजांच्या सांध्यात तांब्याची सपाट कडी बसवतात. स्टीलची धार दोन्ही बाजूंनी तिच्यात रुतते आणि सांधा बंद होतो. एकदा रुतली की कडी पुन्हा चालत नाही, थेट भंगारात जाते. निघताना बाईंना विचारून मी त्यातल्या मूठभर घरी आणल्या. मोठ्या फ्लँजची कडी आतून अडीच इंच भरते, म्हणजे कासाराकडचं दोन-आठचं माप. शिवाय तांबं असलं शुद्ध की सराफाने कान पकडावा. आजीने ती उचलली, हातात चढवली आणि महिनाभरात मनगटाची कळ गेल्याचं जाहीर केलं. तांब्याच्या कड्याने संधिवात जात नाही, तशा चाचण्या झाल्या आहेत, हे मी तिला समजावून सांगायला बसले.

"तू फिजिक्सवाली," आजी म्हणाली, "तुला औषधातलं काय कळतंय?"

आता शेजारच्या काकूंनाही जोडी हवी आहे. त्यांचं माप सव्वादोन. त्या मापाचा फ्लँज आमच्या कंपनीत नव्हता, हे मी परोपरीने सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पाच वर्षं तिकडं करत काय होतीस गं?"