कात्री खाली ठेवा, वहिनी!

अहो वहिनी, थांबा! ती कात्री आधी भिंतीवर ठेवा बघू. सप्टेंबर अजून सरला नाही, दुपारी एसी लावल्याशिवाय बसवत नाही, आणि तुम्ही गुलाब छाटायला निघालात? पुण्यात करत असाल, माझंही माहेर तिकडचंच, पण नोएडात कोथरूडचं पंचांग चालत नाही हो. ऑक्टोबर अर्ध्यावर येऊ द्या. पहाटे पंखा बंद करावासा वाटला की समजायचं, मुहूर्त आला. आत्ता कापलंत तर उकाड्यात फुटवे सरसर वाढतील, काटकुळे, आणि फुलं येतील ती एवढी एवढीशी. बरं, दिवाळीची साफसफाई, फराळ, पाहुणे सगळं उरकून नोव्हेंबरअखेर कापाल, तर थंडीत डोळे झोपून राहतात. मग बसा फेब्रुवारीपर्यंत वाट बघत.

ऑक्टोबरच्या मध्यावर कात्री लावली की दीड-पावणेदोन महिन्यांत फुलं. म्हणजे डिसेंबरात पहिला बहर. जानेवारीत धुकं पडलं की झाड जरा आळसावतं, आणि फेब्रुवारी-मार्चात जे काही फुलतं ना, गेटवरून जाणारा माणूस थांबतोच.

आणि हा कुठला म्हणालात? ‘इंग्लिश गुलाब’? नर्सरीवाल्याचं काय ऐकता! त्यांच्याकडे जाती मोजून तीन. वासाचा तो देसी, बारका तो बटन, उरलेले सगळे इंग्लिश. पिशवीवर फोटो लाल गुलाबाचा आणि घरी आल्यावर उमलतं पिवळं. इकडे या, हा शेंडा बघा. एका दांडीवर किती कळ्या आहेत? पाच, सहा… ही खाली दडलेली सातवी. फ्लोरिबंडा आहे हा, फ्लोरिबंडा! झुपक्यानं फुलणारा. नशीब काढलंत. त्या हायब्रिड टीच्या नादाला लागू नका. एक लांब दांडी, तिच्यावर एकच मोठं फूल, ते प्रदर्शनात मांडायला ठीक. घरच्या वाफ्यात एक फूल गेलं की महिनाभर नुसत्या काट्यांकडे बघायचं.

गेलं म्हणजे कुठे काय, चोरीला! अजून अनुभव नाही वाटतं तुम्हाला? पहाटे साडेपाचला मॉर्निंग वॉकची मंडळी निघतात, हातात जपमाळ आणि खिशात प्लॅस्टिकची पिशवी. देवासाठी तोडलेलं फूल म्हणजे चोरी नाही, असा इथला नियम आहे. मी काही बोलत नाही. माझ्या भिंतीलगतच्या आइसबर्गचे दोन झुपके गेले तरी मागे आठ उरतात.

आइसबर्ग म्हणजे तो पांढरा हो, तुमच्या बाथरूमच्या खिडकीतून दिसतो तो. जर्मनीच्या कोर्डेस मंडळींनी 1958 साली काढला, आणि नावात बर्फ असून दिल्लीच्या धुळीत मजेत राहतो. मुळात हे सगळं खानदानच थंड मुलखातलं. डेन्मार्कचे पोल्सन म्हणून रोपवाले होते. गेल्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी झुपक्यानं फुलणारा, थंडीला दाद न देणारा पॉलियांथा आणि मोठ्या फुलाचा हायब्रिड टी यांचा संकर केला. फ्लोरिबंडा हे नाव नंतर अमेरिकेत पडलं. वास म्हणाल तर यथातथाच, ते मी लपवणार नाही. गुलकंदाची स्वप्नं बघत असाल तर देसी लावा एक कोपऱ्यात.

पण परदेशीच कशाला, आपल्या दिल्लीचे काय कमी आहेत? पुसा इन्स्टिट्यूट माहितीये ना, करोलबागच्या पलीकडे? नाव बिहारमधल्या गावाचं. 1934 च्या भूकंपात तिथली इमारत ढासळली आणि संस्था दिल्लीला आली. तिथे बी. पी. पाल म्हणून मोठे शास्त्रज्ञ होते. काम गव्हाचं, तांबेऱ्याला टिकणारे वाण काढण्याचं. 1950 साली संचालक झाले आणि 1965 साली सगळ्या देशाच्या कृषी संशोधन परिषदेचे महासंचालक. आणि जीव कशात? गुलाबात! लग्नबिग्न केलं नाही. लहानपण ब्रह्मदेशात गेलं, शाळेत गुलाबांची बाग होती म्हणे, तिथून ते वेड. भारतातल्या गुलाबांवर जाडजूड पुस्तक लिहिलं. ‘दिल्ली प्रिन्सेस’ हा त्यांचाच फ्लोरिबंडा, 1963 चा. ‘बंजारन’, पांढरी ‘हिमांगिनी’, चॉकलेटी रंगाची ‘मोहिनी’, हे सगळे पुसाचेच. मोहिनी बघाल तर खुळावाल. आता गंमत बघा, दिल्लीत जन्मलेला गुलाब दिल्लीतल्या नर्सरीत मागितला तर पोरगं आपल्याकडे असं बघतं, जणू आपणच परदेशातून आलोय. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास पुसाचा कृषी मेळा भरतो, तेव्हा जाऊ आपण. तुमची डिक्की मोठी आहे.

हां, तर कापायचं कसं. कमरेपासून छाटायचं नाही! हायब्रिड टीला निम्म्यावर आणलं तरी तो सहन करतो, याला तसं करायचं नाही. आधी वाळलेलं, काळं पडलेलं आणि आतल्या आत एकमेकींत घुसलेल्या काड्या काढा. मग उरलेल्याचा वरचा तिसरा हिस्सा, बस्स. काड्या जास्त ठेवल्या तर झुपके जास्त. बाहेर तोंड केलेल्या डोळ्याच्या जरा वर, तिरका काप. आणि कापल्या कापल्या टोकाला कॉपर ऑक्सिक्लोराइडची पेस्ट. ब्रश नको, कानातली काडी घ्या, छान लागते. ती नाही लावली तर फांदी टोकापासून काळी पडत खाली येते, डायबॅक म्हणतात. पावसाळ्यानंतर इथे फार. ही बघा, तुमच्या झाडावर एक आहेच. काळ्याच्या खाली दोन बोटं, आतला गाभा पांढराशुभ्र दिसेपर्यंत कापायची. ही एवढी आजच कापलीत तरी चालेल. बाकीच्यांना हात लावायचा नाही!

एक युक्ती सांगते, माळ्याला सांगू नका, तो ऐकत नाही. झुपक्यात मधली कळी सगळ्यांत मोठी असते आणि आधी फुलते. बाकीच्या डोळे उघडेपर्यंत ही सुकून तपकिरी लगदा होते, आणि सगळा झुपका बिघडवते. म्हणून ती मधली वाटाण्याएवढी असतानाच नखानं खुडून टाकायची. मग आजूबाजूच्या एकदम उमलतात. हायब्रिड टीवाले नेमकं उलटं करतात, बाजूच्या खुडतात आणि मधली राखतात. आमचे हे म्हणतात, तू चांगली कळी तोडतेस. म्हणू देत. आणि सगळा झुपका ओसरला की नुसत्या माना मोडायच्या नाहीत, खाली चांगल्या भरलेल्या पाच पानांच्या पानापर्यंत उतरायचं आणि तिथे कापायचं.

छाटणीनंतर शेणखत द्या, पण काळंभोर, मुरलेलं. गोशाळेतून ताजं उचलून आणलंत तर वाळवी आणि हुमणी सोबत फुकट. मूठभर निंबोळी पेंड मिसळा. सरसोंची खळी इथे स्वस्त मिळते, तीन-चार दिवस भिजवून पातळ करून द्यायची. वास असा येतो की शेजारी विचारतात. तुम्ही विचारणार नाही, म्हणून सांगून ठेवतेय.

आणि हो, तुमच्याकडचा तो निळा पाइप. आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना सोडलंय ना? मी बघितलं परवा. पाणी वाचवता ते चांगलंच, पण गुलाबाला ते नको हो. पाण्यातले सगळे क्षार त्याच्यात उतरलेले असतात, आणि इथलं बोअरचं पाणी आधीच खारट. पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसायला लागल्या की ओळखा, मुळांना लोह मिळत नाही. त्या पाण्यानं फरशी धुवा, गाडी धुवा.

दिवाळीच्या सुमारास धूर आणि धूळ उतरते ना, आपण खोकतो आणि झाडांवर राखाडी थर बसतो. सकाळी ऊन आलं की पाइपनं पानं धुवायची, खालूनसुद्धा. संध्याकाळी नाही. पानं रात्रभर ओली राहिली की काळे ठिपके आलेच. खालून धुण्याचा खरा फायदा मात्र एप्रिल-मेमध्ये. तेव्हा लाल कोळी येतो. डोळ्यांना दिसत नाही, पण पानं निस्तेज होतात आणि खाली बारीक जाळी धरते. लू सुटली की खतं बंद, बुंध्याशी वाळक्या पानांचं जाड पांघरूण आणि दुपारची सावली. फुलं आली तरी चिमुकली, करपलेली. कळ्या खुडून टाका, झाडाला नुसतं जगू द्या. लोक मे महिन्यात खत ओततात, आणि मग गुलाब मेला म्हणून दिल्लीच्या हवेला शिव्या देतात.

जाताजाता शेवटचं. वाका जरा. ही कलमाची गाठ दिसली? हिच्या खालून, मातीतून एखादी जोमदार काडी वर आली तर खुश व्हायचं नाही. ती खालच्या रानटी खुंटाची. माती उकरून मुळापाशी ओढून काढायची, वरून कापलीत तर दुप्पट जोरानं येते.

कोपऱ्यावरच्या आंटींचा लालभडक फ्लोरिबंडा होता, चार वर्षांपूर्वीचा. आता त्याला गुलाबी फुलं येतात, चांगली घमघमणारी. लाल कधीच मेला, वर आलाय तो खुंट. इकडच्या नर्सरीवाले बरेचदा एडवर्ड गुलाबावर डोळा भरतात, तोच असावा. आंटी सोसायटीभर सांगत फिरतात की मी चहापत्ती आणि ताक घातलं म्हणून रंग बदलला आणि सुगंध आला! गेल्या महिन्यात किटी पार्टीत सगळ्यांना ताकाचं प्रमाण लिहून दिलंय. तेरा नंबरवालीनं तर घालायला सुरुवातही केली. मी गप्प बसले, माझं त्यांच्याशी पार्किंगवरून आधीच बिनसलंय. तुम्ही नवीन आहात, गोड बोलता, हिंदीही चांगलं आहे तुमचं. बघा, तुम्हीच सांगता का?