सर्व्हरधारी गृहस्थ

पेण असो वा रोहा, ज्या घरात दूरचित्रवाणी संचाखालच्या फळीवर फूटभराहूनही आखूड अशी एक काळी पेटी दिवसरात्र गुरगुरत असते आणि जिच्या आसपास केरसुणी नेण्यास घरच्यांना मनाई असते, त्या घरच्या गृहस्थाची ओळख वाचकांना नव्याने करून देण्याचे कारण नाही. प्रत्येक आळीत असा एक असतोच. दोन असल्यास त्यांचे आपसात पटत नाही. ही पेटी म्हणजे सर्व्हर, अर्थात इतर संगणकांनी व फोनांनी मागितलेली फाईल पुरवण्यासाठी कायम जागा राहणारा संगणक होय. बँकेला, रेल्वेला किंवा धाटावच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्याला त्याची गरज असते हे सर्वमान्य आहे. परंतु दोन माणसे आणि तीन फोन एवढाच पसारा असलेल्या घरात त्याचे काय काम, हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण त्याला उत्तर मिळते आणि ते लांब असते.

पेटी बहुधा एचपी कंपनीच्या प्रोलायंट मायक्रोसर्व्हर मालिकेतील, 'एन ५४ एल' या नावाची आणि मुंबईच्या एखाद्या कचेरीने मोडीत काढलेली असते. तिच्यात साडेतीन इंची चार हार्ड डिस्का, म्हणजे माहिती साठवणाऱ्या फिरत्या तबकड्यांचे चार डबे, शेजारी शेजारी बसतात, आणि प्रत्येक डिस्क चार स्क्रूंनी आवळावी अशी निर्मात्याची अपेक्षा असते. जादा स्क्रू हरवू नयेत म्हणून दाराच्या आतल्या अंगाला त्यांच्यासाठी जागाही करून ठेवलेली आहे. सर्व्हरधारी गृहस्थ मात्र दर डिस्केला दोनच स्क्रू, तेही तिरके, लावतो, कारण "परत काढायचंच आहे". उरलेले आठ तो दारात न ठेवता स्टीलच्या एका वाटीत ठेवतो, आणि ही वाटी लग्नात आलेल्या सहा वाट्यांच्या संचातील सहावी असते. पुढील विवेचनात या वाटीचा उल्लेख वारंवार येईल. तो टाळणे अभ्यासाच्या दृष्टीने शक्य नाही. पाचांहून अधिक पाने मांडली गेली की सहाव्या माणसास आमटी फुलपात्रातून मिळते, आणि हा सहावा माणूस नेमका जावई असतो.

या गृहस्थाचा मूळ विकार जागेचा आहे. डिस्केतील रिकामी जागा वीस टक्क्यांवर आली की त्याचे जेवणात लक्ष लागत नाही, आणि मग दोन टेराबाइटच्या चार डिस्का काढून आठ टेराबाइटच्या चार बसवण्याचा संकल्प सोडला जातो. एक टेराबाइट म्हणजे एक लाख कोटी बाइट. परंतु डिस्क बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि संगणक १०२४ च्या पटीत, त्यामुळे आठ टेराबाइटची डिस्क पडद्यावर ७.२८ टेराबाइटचीच दिसते. हा फरक तो दर पाहुण्याला, वजनकाट्यात मारल्याच्या स्वरात, समजावून सांगतो. १९५६ मध्ये आयबीएमने बाजारात आणलेल्या पहिल्या डिस्कयंत्रात सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत आणि त्याचे वजन टनाच्या घरात होते, ही माहितीही त्याला तोंडपाठ असते. तिचा उपयोग तो आपला खर्च थोडका दाखवण्यासाठी करतो.

डिस्का एकदम बदलता येत नाहीत, कारण त्या 'रेड' या पद्धतीने एकमेकींना बांधलेल्या असतात. १९८८ मध्ये बर्कले विद्यापीठातील तिघा संशोधकांनी मांडलेल्या या कल्पनेत, माहिती अनेक डिस्कांवर अशा हिशेबाने वाटली जाते की त्यांतील एक बिघडली तरी उरलेल्यांवरून तिच्यातील मजकूर पुन्हा उभा करता यावा. संशोधकांचे म्हणणे स्वस्त डिस्का जोडून काम भागवावे असे होते. पेण-रोह्यात स्वस्तात काम भागले असे कोणी गृहिणी म्हणणार नाही. यातून निघणारी रीत अशी की एक जुनी डिस्क उपसायची, तिच्या जागी मोठी बसवायची, उरलेल्या तिघींनी तिच्यावर सारा मजकूर नव्याने उतरवेपर्यंत कित्येक तास थांबायचे आणि मग दुसरीला हात घालायचा. या अवधीत आणखी एखादी डिस्क दगावली तर सगळेच बुडते, म्हणून घरात मिक्सर लावण्यास बंदी येते आणि चटणी पाट्यावर वाटली जाते. मौज अशी की चारांपैकी तीन डिस्का मोठ्या झाल्या तरी एकूण जागा एका बाइटनेही वाढत नाही; ती चौथी बसल्यावरच वाढते. चौथीचे पैसे कधीच हाताशी नसतात. त्यामुळे कित्येक महिने घरात तीन नव्या डिस्कांचा खर्च झालेला, जागा मात्र जुनीच, आणि वाटीत स्क्रू आठच, अशी स्थिती राहते.

नुसत्या डिस्केपेक्षा प्लास्टिकच्या कवचातली, बाहेरून जोडायची डिस्क पुष्कळदा स्वस्त पडते, हे त्याला ठाऊक असल्याने तो ती विकत घेतो आणि मुदत संपलेल्या एटीएम कार्डाने कवच उकलून आतला ऐवज काढतो. हमीपत्र तेथेच निकालात निघते. अशा काही डिस्का पेटीत बसवल्यावर फिरतच नाहीत, कारण वीज घेणाऱ्या पट्टीतील तिसऱ्या टाचणीला ३.३ व्होल्टचा दाब मिळाला की डिस्केने झोपून राहावे असा नव्या नियमावलीचा संकेत असतो आणि जुने वीजपुरवठे तो दाब सतत देत राहतात. उपाय एवढाच की कॅप्टन नावाच्या पिवळसर, उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीचा जेमतेम मिलीमीटर रुंदीचा काप त्या एका टाचणीवर डकवायचा. त्यासाठी चष्मा कपाळावर चढतो, भुवया कोरण्याचा घरातील चिमटा न विचारता घेतला जातो, पंखा बंद होतो, आणि काप शेजारच्या टाचणीवर सरकला की सगळे पुन्हा पहिल्यापासून. त्यातही डिस्क 'शिंगल्ड' जातीची निघाली, म्हणजे जिच्यावर लेखनाच्या रेषा मंगलोरी कौलांप्रमाणे एकीवर एक चढवलेल्या असतात आणि मधली एक बदलायची तर तिच्यावर चढलेल्या साऱ्या पुन्हा बसवाव्या लागतात, तर रेडची पुनर्उभारणी दिवसचे दिवस रेंगाळते आणि गृहस्थ कंपनीला उद्देशून जे बोलतो ते येथे देता येत नाही.

डिस्का मोठ्या झाल्या की संगणकाची चालू कामापुरती स्मृती, म्हणजे रॅम, अपुरी वाटू लागते, विशेषतः झेडएफएस ही, प्रत्येक तुकड्याची बेरीज ताडून पाहणारी फाईलव्यवस्था बसवल्यावर. दर टेराबाइटमागे एक गिगाबाइट स्मृती असा ढोबळ हिशेब तिच्या भक्तांत रूढ आहे. कंपनी आठ गिगाबाइटची मर्यादा सांगते, गृहस्थ सोळा बसवतो आणि ती चालतात, हा त्याच्या आयुष्यातील मोठ्या समाधानांपैकी एक क्षण होय. मग प्रोसेसर कमी पडतो. तो मुख्य फळीला डाख देऊन कायमचा जोडलेला असल्याने बदलता येत नाही, म्हणून प्रोसेसरसाठी २०१३ साली निघालेली याच मालिकेची आठवी पिढी, आणि तिच्या खाचेत बसणारा झिऑन प्रोसेसर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, जो कागदोपत्री कित्येक वर्षे भडकमकर मार्ग आहे, जुना मिळवून आणला जातो. मग उष्णता वाढते म्हणून पंखा, पंख्यासाठी यूपीएस, आणि यूपीएस पंधरा मिनिटांत मान टाकतो म्हणून इन्व्हर्टर. प्रत्येक खरेदीच्या वेळी घरात एकच संवाद होतो.

"अहो, हे शेवटचं ना?"

"शेवटचंच. वाटी तेवढी राहू दे."

मुलीच्या लग्नाच्या निमित्ताने नव्या बारा वाट्या आल्या तेव्हा या गृहस्थाने प्रथमच भांड्यांच्या खरेदीत रस घेतला आणि "आता दोन ठेवता येतील" असे उद्गार काढले. लांब आणि आखूड स्क्रू वेगळे ठेवण्याची सोय त्याला बऱ्याच दिवसांपासून हवी होती.

पेणकर आणि रोहेकर अशा या जातीच्या दोन शाखा मानाव्या लागतात. पेणकर वरचढ, कारण तो मुंबईला जवळ आणि त्याच्याकडून काढलेल्या डिस्का रोहेकराकडे जातात. मध्य रेल्वेची हद्द संपून कोकण रेल्वेची सुरू होते त्या रोह्यात पेणच्या डिस्कांचे दुसरे आयुष्य सुरू होते. या देवाणघेवाणीस शास्त्राचा आधार आहे. महत्त्वाच्या मजकुराच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यांतील एक घराबाहेर असावी, असा संगणकाच्या व्यवहारात एक दंडक आहे. पेणकराची घराबाहेरची प्रत रोह्यात आणि रोहेकराची पेणमध्ये असते. ती तारेवरून पाठवावी म्हटले तर इंटरनेट पुरवणारे अनेक ग्राहकांना मिळून बाहेर एकच पत्ता देतात, त्यामुळे एका घरातून दुसऱ्या घराचा दरवाजा थेट ठोठावता येत नाही. म्हणून डिस्क पंचात गुंडाळून दिवा-रोहा गाडीने कासू, नागोठणे, निडी करत हातानेच पोचवली जाते. रोहेकर आपले स्क्रू कापराच्या रिकाम्या डबीत ठेवतो. वाटीला झाकण नसते, हा त्याचा आक्षेप पेणकराने कधीही मान्य केलेला नाही.

घराबाहेरची प्रत जेथे ठेवायची तेथेही तोच पाऊस पडतो, ही या व्यवस्थेतील उणीव ३ जून २०२० रोजी उघड झाली. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले आणि जिल्ह्यात ठिकठिकाणी दिवसेंदिवस काळोख राहिला. मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याला वीज होते आणि तेच पाणी पुढे कुंडलिकेतून रोह्यावरून वाहत जाते, तरी रोहेकराची पेटीही पेणकराच्या पेटीइतकीच गप्प होती. त्या रात्री पेणच्या एका घरात मेणबत्ती कशात उभी केली होती आणि वितळलेल्या मेणातून स्क्रू सोडवण्यात दुसरा दिवस कसा गेला, हे चाणाक्ष वाचकास सांगायला नको.

इतक्या जागेत असते तरी काय, असे कोणी विचारले की चित्रपट असे उत्तर मिळते, पण ते पुरते खरे नाही. पेणच्या पेटीत हमरापूर-जोहे भागातील गणपती कारखान्यांतली हजारो छायाचित्रे असतात: कच्च्या मूर्तींच्या रांगा, पीठिकांचे नमुने, आणि डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराचा हात अगदी जवळून, कुंचला बुबुळाला टेकण्याच्या बेतात. रोह्याच्या पेटीत धावीर महाराजांच्या पालखीची वर्षावर्षाची चित्रफीत असते, पोलिसांच्या सशस्त्र मानवंदनेसह. याखेरीज प्रत्येक लग्नात, मुंजीत आणि बारशात हा गृहस्थ तार घेऊन फिरतो व "जरा फोन द्या, कॉपी करून घेतो" असे म्हणत पाहुण्यांचे फोन रिकामे करतो. लोक फोन लपवतात. एखादा तर तो दिसताच चार्जिंग संपल्याचे नाटक करतो.

पुढे कधीतरी, आईच्या वर्षश्राद्धाच्या सुमारास, त्याच पाहुण्यांपैकी एकजण दारात उभा राहतो. फोन पाण्यात पडलेला असतो, आईचा आवाज कोठेच राहिलेला नसतो, आणि कोणत्याशा हळदीकुंकवात ती जात्यावर बसून ओवी म्हणाली होती एवढेच त्याला आठवत असते. गृहस्थ उपदेश करत नाही. फोन लपवला होता याची आठवणही देत नाही. तो दोन-चार मिनिटे पडद्याकडे पाहतो, फीत सापडते, आणि ती लावण्याआधी एवढेच म्हणतो, "व्हॉट्सॲपवरून आलेली आहे, म्हणून जरा अस्पष्ट आहे, राग मानू नका." पाहुणा फीत घेऊन गेल्यावर तो पेटीपुढे उगाच उभा राहतो आणि वाटीतले स्क्रू मोजतो. ज्या माणसाला आजवर साऱ्या आळीने टाळले, त्याच्याकडे गावाची अर्धी स्मरणशक्ती फुकट सांभाळायला आहे, हे नाखुशीने का होईना, मान्य करणे भाग आहे.

त्याची स्वतःची मुले पुण्यात आणि परदेशात आहेत. घरातील माणसे जसजशी कमी झाली तसतशी पेटीतील जागा वाढत गेली, हा कालक्रम कोणत्याही अभ्यासकाच्या नजरेतून सुटणार नाही. त्याने मुलांना घरच्या छायाचित्रांसाठी वेगवेगळी खाती उघडून दिली आहेत. कोण केव्हा आत आले याची नोंद सर्व्हर आपणहून ठेवतो, तिला लॉग म्हणतात. तो गृहस्थ ती रोज रात्री वाचतो आणि तिच्यात रोज एकच नाव असते, त्याचे स्वतःचे. मुलांना पासवर्ड आठवत नाही. पत्नीला तो कधी सांगितलेलाच नाही, कारण मोठ्या डिस्का बसल्या की सगळे नीट लावून मग सांगायचे असे ठरले आहे, आणि तोवर वर्षे जातात. डिस्का कुलूपबंद म्हणजे सांकेतिक लिपीत लिहिलेल्या असल्याने, पासवर्डवाचून त्या उघडणे लॅमिंग्टन रोडवरील कोणासही जमणार नाही.

तेव्हा ज्यांच्या नात्यात किंवा शेजारात असा गृहस्थ असेल त्यांनी पुढच्या खेपेस त्याच्याकडे जाताना फोन लपवू नये. उलट एक कागद न्यावा, त्याच्याकडून पासवर्ड स्वच्छ अक्षरात लिहून घ्यावा आणि तो कागद सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबर कपाटात ठेवण्यास त्याच्या पत्नीला सांगावे.