बाळंतपणाला व्हिसा लागतो

ॲमस्टरडॅमशेजारच्या ॲमस्टेलव्हेनमध्ये साताऱ्याचा जावई आणि सांगलीची लेक यांना बाळ झालं, की एका खोलीत दोन राजवटी भिडतात. डच आरोग्य विम्यातून बाळंतिणीच्या घरी आठेक दिवस ‘क्रामझोर्ग’वाली, म्हणजे बाळ-बाळंतिणीची देखभाल करणारी बाई येते. एकूण किमान 24 तास, कमाल 80. माया घड्याळ लावून. सांगलीच्या आजीला शेंगेन व्हिसा 90 दिवसांचा, म्हणजे बहुमत तिचंच.

बाई खिडकी उघडते, आजी लावते. बाई म्हणते, खोली 18 अंशांच्या वर नको. आजी बाळाला कानटोपी चढवून धुरीसाठी निखारे शोधते. सापडतो तो धुराचा अलार्म.

डच रीतीने पाहुण्यांनी आधी वेळ घेऊन यायचं आणि लोणी लावलेल्या टोस्टवर साखरेत घोळलेले, बडीशेपेच्या चवीचे दाणे खाऊन उठायचं. मुलगा झाला तर निळे, मुलगी झाली तर गुलाबी. (पेढे-बर्फीचा भेदभाव फक्त आपल्यालाच सुचला, असा उगाच अभिमान नको.) हे दाणे दुधाला चांगले, असं बाई सांगते. आजी विजयी मुद्रेने बॅगेतून बाळंतशोपा काढते. तह झालेलं हे एकमेव कलम.

पुढच्या 90 दिवसांसाठी साताऱ्याची आजी कंदी पेढे घेऊन सज्ज आहे. सांगलीकरांनी बाळाला काय सवयी लावून ठेवल्यात, ते तिला तपासायचंय.